घरातील बंदूक आणि देशातील खून : आकडे नेमके काय सांगतात?

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील मिनिआपोलिस शहरात २७ ऑगस्ट २०२५ रोजी सकाळी अनन्सिएशन चर्चमध्ये शाळकरी मुलांची मिस्सा चालू होती. नवे शालेय वर्ष नुकतेच सुरू झाले होते. मुले बाकांवर बसली होती, शिक्षक त्यांच्याजवळ होते, आणि बाहेरून खिडक्यांच्या काचा फोडीत गोळ्या आत आल्या. आठ आणि दहा वर्षांची दोन मुले मृत्युमुखी पडली. जखमींमध्ये मुलांबरोबर वयोवृद्ध भाविकही होते. हल्ला करणारी व्यक्ती २३ वर्षांची होती आणि तिच्याजवळची रायफल, शॉटगन व पिस्तूल ही तिन्ही शस्त्रे कायदेशीररीत्या विकत घेतलेली होती, असे पोलिसांनी सांगितले. चार दिवसांनी, रविवारी ३१ ऑगस्टला, पोप लिओ चौदावे यांनी मध्यान्हीच्या प्रार्थनेनंतर नेहमीच्या इटालियनऐवजी इंग्रजीतून या मुलांचे स्मरण केले आणि जगभर पसरलेली लहानमोठ्या शस्त्रांची साथ थांबावी म्हणून देवाकडे याचना करण्यास सांगितले.

अशा प्रत्येक घटनेनंतर जुनाच वाद नव्याने पेटतो. एक पक्ष म्हणतो, अमेरिकेत जगातील सर्वाधिक बंदुका आहेत, म्हणूनच तेथे माणसे मरतात. दुसरा पक्ष लगेच स्वित्झर्लंडकडे बोट दाखवतो : तेथे घरोघरी रायफली आहेत, मग तेथे खून का होत नाहीत? आणि मेक्सिकोत सामान्य माणसाला बंदूक घेणे इतके अवघड असताना तेथे रक्ताचे पाट का वाहतात? ख्रिस्ती नियतकालिकांतून या विषयावर जे लिहिले जाते त्यात पहिल्या पक्षाचीच री ओढली जाते, हे आम्ही मान्य करतो. आम्हीही ती ओढली आहे. परंतु हेतू चांगला असला म्हणून युक्तिवाद आपोआप खरा ठरत नाही. म्हणून या वेळी आम्ही भावना जराशी बाजूला ठेवून प्रश्न सरळ विचारू इच्छितो : नागरिकांच्या हाती किती बंदुका आहेत यावर त्या देशातील खुनांचे प्रमाण खरोखरच अवलंबून असते काय?

या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी दोन आकडे लागतात : बंदुकांचा आणि खुनांचा. पैकी पहिला आकडा फार कच्चा आहे, हे आधीच सांगितले पाहिजे. जिनिव्हा येथील 'स्मॉल आर्म्स सर्व्हे' या संस्थेने २०१८ साली जो अंदाज प्रसिद्ध केला त्यानुसार जगभरात नागरिकांकडे सुमारे ८५ कोटी ७० लाख बंदुका होत्या. त्यांतील ३९ कोटी ३० लाख एकट्या अमेरिकेत, म्हणजे दर १०० माणसांमागे १२०. माणसांपेक्षा बंदुका अधिक असलेला दुसरा देश नाही. परंतु हा अंदाज बांधताना नोंदणीचे दफ्तर, घरोघरी केलेल्या पाहण्या आणि तज्ज्ञांचा तर्क अशा तिन्हींची मोट बांधावी लागते, कारण चोरून ठेवलेली बंदूक कोणी शिरगणतीत सांगत नाही. आपल्याच देशाचे उदाहरण पाहावे. भारतात नागरिकांकडे सुमारे ७ कोटी ११ लाख बंदुका असाव्यात, असे ही संस्था म्हणते. त्यांतील नोंदणीकृत जेमतेम ९७ लाख. गृह मंत्रालयाच्या दफ्तरात मात्र २०१६ च्या अखेरीस शस्त्रपरवाने ३३ लाख ६९ हजार होते. एका परवान्यावर त्या काळी तीनपर्यंत शस्त्रे बाळगता येत असत (२०१९ च्या दुरुस्तीने ती मर्यादा दोनवर आली), तेव्हा हे दोन आकडे कदाचित जुळतीलही. परंतु उरलेल्या सहा कोटींचा हिशेब कोणत्या वहीत सापडणार?

खुनांचा आकडा त्या मानाने विश्वासार्ह असतो, कारण मृतदेह लपवणे कठीण. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अमली पदार्थ व गुन्हेविषयक कार्यालयाच्या हिशेबाप्रमाणे २०२१ साली जगात ४ लाख ५८ हजार माणसांचा खून झाला, म्हणजे १ लाख लोकसंख्येमागे ५.८. तरीही येथे चुका होतातच. २००७ साली हार्वर्डच्या एका विधिविषयक नियतकालिकात डॉन केट्स व गॅरी माउझर यांचा एक लेख आला. बंदुका कमी म्हणून खून कमी होत नाहीत, असे सिद्ध करणारा तो लेख आजही शस्त्रसमर्थक हिरिरीने पुढे करतात. त्यात बंदुका जवळजवळ नसलेल्या लक्झेम्बर्गमध्ये खुनांचे प्रमाण १ लाखामागे ९ दाखवले आहे. खरा आकडा त्याच्या एका लहानशा अंशाइतकाच आहे. एवढासा देश, तेथे वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके खून, आणि त्या एका चुकीच्या आकड्यावर केवढा मोठा डोलारा!

आता दोन्ही आकडे शेजारीशेजारी ठेवू. दर १०० माणसांमागे कॅनडात ३४, फिनलंडमध्ये ३२, आइसलँडमध्ये ३१, स्वित्झर्लंडमध्ये २७ आणि सर्बियात ३९ बंदुका. यांपैकी कोठेही खुनांचे प्रमाण मोठे नाही : कॅनडात १ लाखामागे दोनच्या आसपास, स्वित्झर्लंडमध्ये अर्ध्याच्या आसपास. उलट जमैकात बंदुका ८ ते ९, आणि २०२२ साली खून १ लाखामागे ५० च्या वर. होंडुरासमध्ये बंदुका १४, आणि २०११ साली खुनांचे प्रमाण ८० च्याही पुढे. दक्षिण आफ्रिकेत बंदुका दहाहून कमी, खून ४० च्या वर. जपानमध्ये मात्र दोन्ही नगण्य. हे सर्व ठिपके एका कागदावर मांडले तर त्यांतून कोणतीही सरळ रेषा निघत नाही. निघालीच तर ती काहीशी उलट्या दिशेने झुकलेली दिसेल. शस्त्रविरोधी भूमिका घेणाऱ्या आमच्यासारख्यांना हे कबूल करायला जड जाते, पण आकडा आहे तो असा आहे.

मग प्रश्न संपला काय? तसे नाही. खून हा शब्द एक असला तरी खून एकाच प्रकारचे नसतात. मध्य अमेरिकेतील बहुतेक बळी हे टोळ्यांच्या लढायांतील तरुण पुरुष असतात. जेथे न्यायालय पोहोचत नाही, पोलीस विकले गेले आहेत आणि सतरा वर्षांच्या मुलापुढे टोळीशिवाय दुसरी वाट नाही, तेथे थोड्या बंदुकाही पुष्कळ माणसे मारतात. एल साल्वादोरची कथा या दृष्टीने विलक्षण आहे. संत ऑस्कर रोमेरो यांच्या या देशात २०१५ साली १ लाखामागे शंभरहून अधिक खून झाले. त्या वर्षी जगातील तो सर्वांत रक्तरंजित देश होता. २०२४ साली सरकारी हिशेबाप्रमाणे हेच प्रमाण दोनच्याही खाली आले. नागरिकांच्या हातातील बंदुकांची संख्या काही या नऊ वर्षांत पन्नास पटींनी घटलेली नव्हती. बदलले ते वेगळेच. खुनांचे प्रमाण २०१५ नंतर उतरू लागले होते. पुढे राष्ट्राध्यक्ष नायिब बुकेले यांनी मार्च २०२२ मध्ये आणीबाणी लावली आणि ८० हजारांहून अधिक लोकांना तुरुंगात टाकले. त्यांत निरपराध किती हे कोणी विचारू नये अशीच व्यवस्था होती. हजारो जणांना सरकारनेच नंतर सोडून दिले, यावरून काय ते समजावे. ही किंमत योग्य होती की नाही, हा स्वतंत्र आणि गंभीर विषय आहे. येथे मुद्दा एवढाच की खुनांचा आलेख बंदुकांच्या आलेखाला न जुमानता शंभरावरून दोनवर येऊ शकतो.

ब्राझीलमधूनही असाच पेच निर्माण होतो. तेथे २००३ साली निःशस्त्रीकरणाचा कायदा झाला. पुढे २३ ऑक्टोबर २००५ रोजी बंदुकांच्या विक्रीवर पूर्ण बंदी घालावी काय यावर सार्वमत घेण्यात आले. ख्रिस्तसभेने बंदीच्या बाजूने जोर लावला, आणि लोकांनी आणून दिलेली शस्त्रे जमा करण्यासाठी चर्चेसची दारे उघडी ठेवली. तरीही सुमारे ६४ टक्के मतदारांनी बंदी फेटाळली. पुढे २०१९ ते २०२२ या काळात जाईर बोल्सोनारो यांच्या सरकारने परवाने सैल केले, खासगी शस्त्रे झपाट्याने वाढली, आणि खून मात्र कमी झाले : २०१७ मधील ६५ हजारांवरून २०२२ मध्ये ४७ हजारांच्या आसपास. शस्त्रसमर्थकांना यापेक्षा मोठा दाखला कोणता हवा? पण तारखा नीट पाहिल्या तर ही घसरण २०१८ सालीच, म्हणजे परवाने सैल होण्यापूर्वीच सुरू झालेली दिसते. २०१६-१७ मध्ये देशातील दोन सर्वांत मोठ्या गुन्हेगारी टोळ्यांमध्ये युद्ध पेटले होते, ते विझले. जी गोष्ट टोळ्यांच्या तहाने झाली तिचे श्रेय बंदुकांनी घ्यावे, हे कोंबडा आरवला म्हणून सूर्य उगवला, असे म्हणण्यासारखे आहे. तोच न्याय आपल्या बाजूलाही लावावा लागेल. अमेरिकेत २०२० या एका वर्षात खून सुमारे ३० टक्क्यांनी वाढले आणि बंदुकांची विक्रीही वाढली, तेव्हा अनेकांनी दोहोंचा संबंध जोडला. पण २०२४ पर्यंत खून पुन्हा २०१९ च्या पातळीजवळ आले, आणि बंदुका काही परत गेल्या नव्हत्या.

म्हणून शहाण्या अभ्यासकांनी सर्व देशांची सरमिसळ करणे सोडून समान स्थितीतील देशांची तुलना सुरू केली. श्रीमंत, स्थिर, जेथे पोलीस फोन केल्यावर येतात अशा देशांची. येथे चित्र पालटते. डेव्हिड हेमेनवे आणि मॅथ्यू मिलर यांनी २००० साली अशा २६ देशांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात जेथे बंदुका अधिक तेथे खूनही अधिक, असा संबंध आढळला. त्याही आधी फ्रँकलिन झिमरिंग व गॉर्डन हॉकिन्स यांनी १९९७ मधील आपल्या ग्रंथात एक मार्मिक मुद्दा मांडला होता. अमेरिकन माणूस इतरांपेक्षा अधिक चोर किंवा अधिक भांडखोर आहे, असे मुळीच नाही. चोऱ्या, मारामाऱ्या लंडनमध्येही न्यूयॉर्कइतक्याच होत होत्या. फरक एवढाच की न्यूयॉर्कमधील चोरीत माणूस मरण्याची शक्यता कितीतरी पटींनी जास्त होती. २०१० सालच्या आकड्यांवर आधारलेल्या एका तुलनेत अमेरिकेतील एकूण खुनांचे प्रमाण इतर श्रीमंत देशांच्या सात पट आणि बंदुकीने झालेल्या खुनांचे प्रमाण पंचवीस पट भरले. या दोन आकड्यांतील अंतर लक्षात घेण्यासारखे आहे.

झिमरिंग यांनीच १९६८ साली शिकागो पोलिसांच्या नोंदी तपासून दाखवले होते की बंदुकीचा हल्ला चाकूच्या हल्ल्यापेक्षा सुमारे पाच पट अधिक प्राणघातक ठरतो. आणि ज्यांनी बंदूक चालवली त्यांतील पुष्कळांचा ठाम हेतू मारण्याचा होता, असेही दिसत नव्हते. नवराबायकोचे भांडण, दारूच्या गुत्त्यातील बाचाबाची, शेजाऱ्याशी हद्दीवरून वाद. माणसाचा राग तोच, हाताला काय लागले एवढ्यावर दुसऱ्या दिवशी रुग्णालयात जायचे की दफनभूमीत, हे ठरत होते. 'बंदूक मारत नाही, माणूस मारतो' या अमेरिकेत घोकल्या जाणाऱ्या घोषणेला याहून समर्पक उत्तर आमच्या वाचनात नाही. माणूस मारतो, हे खरेच. पण रागाचा झटका पाच मिनिटांत ओसरतो आणि गोळी परत घेता येत नाही.

आपल्याकडे हे समजायला फार दूर जावे लागत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात २८,५२२ खून झाले, म्हणजे १ लाखामागे सुमारे २. त्यांतील ९,९६२ खुनांचे कारण 'वाद' असे नोंदले आहे. त्याखालोखाल वैयक्तिक वैर. म्हणजे बांधाचा वाद, भाऊबंदकी, पैशाची देवघेव. यांतील बहुतेक खून कोयता, कुऱ्हाड, लाठी, सुरा यांनी होतात. बंदुकीने होणाऱ्या खुनांत परवान्याची बंदूक क्वचितच असते. तेथे मुंगेरसारख्या ठिकाणी बनणारा गावठी कट्टा असतो. भांडणांची आपल्याकडे मुळीच वाण नाही. प्रत्येक भांडणाच्या घरात भरलेले पिस्तूल असते तर ही संख्या कोठे गेली असती, याचा अंदाज वाचकांनीच करावा. त्याचबरोबर हेही खरे की परवाने आवळल्याने कट्टा थांबत नाही. कट्ट्याचा प्रश्न हा परवान्याचा नसून पोलिसांचा आणि राजकारणाचा आहे.

या सर्व चर्चेत एक बाजू नेहमी अंधारात राहते, आणि आम्हाला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. स्विस गुन्हेशास्त्रज्ञ मार्टिन किलियास यांनी १९९३ साली १४ देशांची तुलना करून बंदूक व खून यांत संबंध दाखवला होता. पुढे २००१ साली आपल्या सहकाऱ्यांसह २१ देशांची माहिती घेऊन त्यांनी तोच प्रश्न पुन्हा तपासला. एकूण खुनांशी संबंध या वेळी फिका पडला. असे मोकळेपणाने छापणारा संशोधक विरळाच. परंतु दोन ठिकाणी तो ठळक उरला : बंदुकीने होणाऱ्या स्त्रियांच्या हत्या आणि बंदुकीने होणाऱ्या आत्महत्या. पुरुष बहुधा रस्त्यावर, अनोळखी माणसाकडून किंवा टोळीकडून मारला जातो, आणि टोळीला बंदूक कोठूनही मिळते. स्त्री बहुधा घरात मारली जाते, आणि तेथे जे असेल तेच वापरले जाते. घरातील बंदुकांची मोजदाद स्त्रीच्या मृत्यूशी जुळते, ती यामुळे.

आत्महत्येची गोष्ट तशीच. अमेरिकेत २०२१ साली बंदुकीने ४८,८३० माणसे मेली. त्यांतील २०,९५८ खून होते आणि २६,३२८ आत्महत्या. ज्या बंदुकीच्या भीतीने दाराला कडी घालायची ती बहुतेक वेळा घराच्या आतच असते. जो मरायला निघाला तो काहीही करून मरेलच, हा समज आपल्याकडेही फार रूढ आहे, परंतु तो खरा नाही. स्वित्झर्लंडने २००३ नंतर आपले सैन्य जवळजवळ निम्मे केले, त्यामुळे पुष्कळ तरुणांच्या घरातील लष्करी रायफली परत गेल्या. त्यानंतर त्या वयोगटातील पुरुषांच्या आत्महत्या घटल्या. बंदूक गेल्यावर दुसऱ्या मार्गाने जीव देणारे थोडेच निघाले, उरलेले जगले. इस्राएलच्या लष्करानेही २००६ साली सैनिकांना सुट्टीत रायफल घरी नेण्यास मनाई केल्यावर त्यांच्यातील आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाल्या. आत्महत्या केलेल्यांच्या कुटुंबांचे सांत्वन ज्या धर्मगुरूंनी केले आहे त्यांना या आकड्यांचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. जाता जाता एवढे नमूद करतो की ज्या स्वित्झर्लंडचा दाखला शस्त्रसमर्थक देतात, तेथे २००७ पासून बहुसंख्य सैनिकांच्या घरी काडतुसे दिली जात नाहीत, आणि २०१९ च्या सार्वमतात सुमारे ६४ टक्के नागरिकांनी अधिक कडक शस्त्रकायदा स्वीकारला.

ख्रिस्तसभेची शिकवण या बाबतीत काय आहे, असे कोणी विचारील. ती एका वाक्यात बसत नाही. कॅथोलिक धर्मशिक्षणाचा ग्रंथ स्वसंरक्षण हा हक्क मानतो, आणि ज्याच्यावर इतरांच्या जीविताची जबाबदारी आहे त्याचे तर ते गंभीर कर्तव्य मानतो (२२६५). तोच ग्रंथ शस्त्रांच्या उत्पादनाचे व विक्रीचे नियमन करण्याचा राज्यसत्तेला केवळ हक्कच नव्हे, तर कर्तव्य आहे, असेही सांगतो (२३१६). अमेरिकन बिशपांनी २००० सालच्या आपल्या निवेदनात शस्त्रांची विक्री व वापर यांवर नियंत्रणाची मागणी केली. पोप फ्रान्सिस यांनी २४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकन काँग्रेसपुढे, समाजाला यातना देऊ पाहणाऱ्यांना शस्त्रे का विकली जातात, असा प्रश्न करून त्याचे उत्तर 'रक्ताने माखलेला पैसा' असे दिले. दुसरीकडे शिकारीसाठी किंवा एकाकी शेतावरील भीतीपोटी बंदूक ठेवणारे लाखो अमेरिकन कॅथोलिक प्रत्येक रविवारी मिस्सेला येतात. आपल्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबांची मुले आज अमेरिकेत स्थायिक आहेत आणि दुकानात गेल्यास तासाभरात पिस्तूल हाती पडते अशा राज्यांत राहतात. शेजाऱ्याकडे आहे, मग आपणही घ्यावे काय, हा प्रश्न त्यांच्यापुढे खराखुरा असतो. त्यांना पापी ठरवून उपयोग नाही. घरातील बंदूक चोरावर चालण्यापेक्षा घरच्याच माणसावर चालण्याचा धोका अधिक, ही माहिती त्यांना देणे अधिक उपयोगाचे.

कायद्याने काय साधते, याविषयी फार विस्तार करीत नाही. ऑस्ट्रेलियात पोर्ट आर्थर येथे २८ एप्रिल १९९६ रोजी ३५ जण मारले गेल्यावर जॉन हॉवर्ड यांच्या सरकारने सुमारे साडेसहा लाख बंदुका मोबदला देऊन परत घेतल्या व नष्ट केल्या. पुढील काळात बंदुकीने होणारे मृत्यू घटले, पण ते त्याआधीपासूनच घटत होते, त्यामुळे कायद्याचा वाटा किती यावर अभ्यासकांचे अजून एकमत नाही. ब्रिटनने डनब्लेन येथील सोळा मुले व त्यांच्या शिक्षिकेच्या हत्येनंतर १९९७ साली पिस्तुलांवर बंदी आणली. त्यानंतर तेथील खून वाढले, असे टीकाकार सांगतात. २००२-०३ या वर्षाचा आकडा फुगलेला दिसतो तो खरा. मात्र त्यात हॅरोल्ड शिपमन या डॉक्टरने अनेक वर्षांत मारलेले १७२ रुग्ण एकदम त्याच वर्षी नोंदले गेले, आणि त्यांतील एकालाही गोळी लागली नव्हती. २०१६ साली दहा देशांतील १३० अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. एखादा सुटा नियम नव्हे, तर परवाना, पार्श्वभूमीची चौकशी, साठवणीचे बंधन असे अनेक उपाय एकाच वेळी लागू केल्यास बंदुकीने होणारे मृत्यू घटतात, असा त्याचा कल होता. आम्हाला तो पटतो.

पण देशनिहाय तुलनेतील सर्वांत मोठी गफलत दाखवतो तो मेक्सिको. तेथे अनेक वर्षे कायदेशीर बंदूक विकणारे देशभरात एकच दुकान होते, राजधानीत, लष्कराच्या ताब्यात. तरीही २००७ साली १ लाखामागे ८ असलेले खुनांचे प्रमाण २०१८ पर्यंत २९ वर गेले. शस्त्रकायदे व्यर्थ आहेत, याचा हा पुरावा म्हणून दाखवला जातो. परंतु मेक्सिकोत जप्त होऊन ज्यांचा माग काढता येतो अशा बंदुकांपैकी सुमारे ७० टक्के अमेरिकेतून आलेल्या निघतात. अमेरिकेत लष्करी धर्तीच्या रायफलींवर १९९४ साली आलेली बंदी सप्टेंबर २००४ मध्ये आपोआप संपली. कॅलिफोर्निया राज्याची स्वतःची बंदी मात्र कायम राहिली. अरिंद्रजित दुबे, ओइंद्रिला दुबे आणि ओमार गार्सिया-पोन्से या अभ्यासकांनी २०१३ साली दाखवून दिले की त्यानंतर टेक्सास, अॅरिझोना व न्यू मेक्सिको यांना लागून असलेल्या मेक्सिकन गावांत खून वाढले. कॅलिफोर्नियाला लागून असलेल्या गावांत तसे वाढले नाहीत. एकच देश, एकच सरकार, त्याच टोळ्या. फरक सीमेपलीकडच्या दुकानाचा. अर्थात, जेथे टोळ्या नाहीत तेथे अशा बंदुकांनी एवढे मृत्यू झाले नसते, हेही तितकेच खरे. टोळी आणि बंदूक या दोन गोष्टी एकमेकींना गुणतात, आणि देशांचे तक्ते सीमेवर थांबत असल्याने हा गुणाकार त्यांत दिसत नाही. बंदूक एका देशाच्या रकान्यात मोजली जाते, मृतदेह दुसऱ्या देशाच्या. बंदूक उत्पादकांवर मेक्सिको सरकारने भरलेला दावा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ जून २०२५ रोजी एकमताने फेटाळला.

मेक्सिकोतील ख्रिस्तसभेने याची झळ स्वतः सोसली आहे. चिवावा राज्यातील ताराउमारा डोंगरांत, सेरोकावी गावच्या चर्चमध्ये, २० जून २०२२ रोजी जीव वाचवण्यासाठी आत धावत आलेल्या एका माणसाच्या मागे बंदूकधारी आला. हावियेर काम्पोस आणि होआकिन मोरा हे दोन वृद्ध येशूसंघीय धर्मगुरू त्याच्या मदतीला गेले, आणि तिघेही मारले गेले. त्या आदिवासींमध्ये या दोघांनी कित्येक दशके सेवा केली होती. स्वतः येशूसंघीय असलेले पोप फ्रान्सिस दोन दिवसांनी त्यांच्याविषयी बोलताना मेक्सिकोतील खुनांच्या संख्येने व्यथित झाले होते.

जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षा क्लाउडिया शेनबाम यांच्या सरकारने शस्त्रे स्वेच्छेने परत घेण्याची मोहीम देशभर सुरू केली. तिचा आरंभ मेक्सिको शहरातील ग्वादालुपे मातेच्या महामंदिराच्या प्रांगणात झाला. राजधानीत अशी मोहीम २०१९ पासून चर्चेसच्या अंगणात चालू होतीच. बंदूक आणणाऱ्याला नावगाव विचारले जात नाही. ठरलेले पैसे हातावर ठेवले जातात आणि सैनिक तेथेच, त्याच्या डोळ्यांदेखत, ती बंदूक कापून टाकतात. टोळीवाले ती आणून देणार नाहीत, हे सर्वांना माहीत आहे. आणून देतात त्या बहुतेक घरातल्या बंदुका. बाजूच्या टेबलापाशी मुलांची रांग असते. ती खेळण्यातली पिस्तुले देतात आणि दुसरे खेळणे घेऊन जातात.